हाल्लवीकचा भोंगा संसदेत गेला त्याची हकीकत

तीर्थरूप मालान आत्यास,

हाल्लवीकहून ब्रांदुरचा, त्याच्या मेंढ्यांचा आणि तुझ्या घराच्या छपरावरच्या गवताचा (ते यंदा फारच माजलंय, कापतो) कोपनहेगनमधल्या तुझ्या लेकीच्या चौथ्या मजल्यापर्यंत पोचेल असा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? नवा सांधा जुन्या हाडाशी बोलायला लागला का, की दोघं अजून एकमेकांकडे पाठ करून बसलेत? तिथल्या लिफ्टमध्ये शेजारी छताकडे बघत उभे राहतात आणि कुणी कुणाला नाव विचारत नाही असं तू फोनवर म्हणालीस, त्याचं मला फार वाईट वाटलं. इथे परवा हेलिकॉप्टरच्या वैमानिकाने उतरता उतरता माझ्या दाढेची चौकशी केली, आणि ती दाढ त्याच दिवशी सकाळी दुखायला लागली होती. असो. तुझी काळी मेंढी आता लंगडत नाही, नुसतीच रुसल्यासारखी चालते. रुबार्बचे आंबट देठ उत्तम आलेत. एल्सपाने मुरंबा केला, पण त्यात साखर कमी पडली असं सगळं गाव म्हणतं आणि सगळं गाव तोच खातं.

तुझ्या कानावर असं आलं की मी राजधानीत जाऊन भर संसदेत गाईसारखा हंबरलो. खरं काय ते लिहून कळव, असं तू म्हणालीस. तर आत्या, हंबरलो हे खरं आहे. पण गाईसारखा नाही. कशासारखा ते पुढे येईल. आणि मी एकटाच नव्हतो, हे वर्तमानपत्रांनी जरा बारीक अक्षरात छापलं.

मुळात मी सभासद कसा झालो ते तुला ठाऊक आहे. पक्षाच्या यादीत उत्तरेकडच्या बेटांवरचं एखादं नाव हवं म्हणून त्यांनी माझं शेवटी टाकलं होतं. मला मतं पडली ती तू, सामल, एल्सपा आणि आणखी कोण कोण असे जे बोटीत बसून मतदानाला आले होते त्यांची. मी ते विसरूनही गेलो होतो. मग या वसंतात आपल्या भागाचे खरे सभासद, ते मोठ्या आवाजाचे गृहस्थ, एका मेंढ्यामागे धावताना ओल्या गवतावरून घसरले आणि पाय मोडून घरी बसले. (मेंढ्याला काही झालं नाही. त्यालाच पाठवायचं होतं, असं सामल म्हणाला.) त्यांच्या जागी बसायला या म्हणून राजधानीतून फोन आला तेव्हा मी तुझ्या अंगणाच्या भिंतीवर बसून समुद्राकडे बघत होतो. तिकडून रान्नवा नावाच्या बाई बोलत होत्या. पक्षाचे सभासद वेळेवर हजर राहतात की नाही आणि हात बरोबर बाजूला वर करतात की नाही, हे बघणं त्यांचं काम. त्यांनी मला विचारलं, तुम्ही काय करताय? मी खरं सांगितलं, की बघतोय. त्या म्हणाल्या, मग तुम्ही इथे लवकर रुळाल.

बातमी गावात पसरली आणि माझ्या स्वयंपाकघरात रांग लागली. प्रत्येकाचा काही ना काही प्रश्न. कुणाला धक्क्याच्या पायऱ्यांना लोखंडी कठडा हवा, कुणाला वाटतं की हेलिकॉप्टरने घिरटी जरा पश्चिमेकडून घ्यावी म्हणजे कोंबड्या अंड्यांवरून उठणार नाहीत. पण शेवटी सगळ्यांचं बोलणं फिरून एकाच ठिकाणी यायचं. धुक्याचा भोंगा, बोटींना घरची दिशा देणारा. तो सांभाळणारे आतोबा गेले त्याच वर्षी बंदर खात्याची माणसं तो टेकडीवरून उतरवून घेऊन गेली, तेव्हा तू दारातच उभी होतीस. आता प्रत्येक बोटीवर दिशा दाखवणारं यंत्र असतं, भोंग्याची गरज राहिली नाही, असं त्यांनी सांगितलं. आपण मान डोलावली. सुरुवातीला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं एवढंच. धुकं यायचं आणि गप्प बसून राहायचं. पूर्वी धुकं आलं की टेकडीवरून कुणीतरी सावकाश श्वास घेतंय असं वाटायचं, आणि आपण अंथरुणात कूस बदलायचो. ते गेलं, आणि सगळ्या गावाला झोपेत दचकायची सवय लागली.

सामलचं काय झालं ते मी तुला तेव्हा फोनवर पूर्ण सांगितलं नव्हतं, कारण तू काळजी केली असतीस. गेल्या शरदात तो सकाळी छोटी बोट घेऊन मासे धरायला गेला. ऊन होतं. दुपारी धुकं असं उतरलं की मला माझा स्वतःचा चहाचा कप हाताने चाचपून शोधावा लागला. सामलच्या दिशा दाखवणाऱ्या यंत्रात खारं पाणी शिरलं आणि ते विझलं. आम्ही सगळे धक्क्यावर जमलो. कुणी पत्र्याची बादली बडवत होतं, कुणी चर्चची घंटा वाजवत होतं, मी ओरडत होतो. पण आपल्या त्या कड्यांचं तुला माहीत आहे, आवाज त्यांच्यावर आपटून कुठूनही परत येतो. सामलने नंतर सांगितलं की त्याला तीन बाजूंनी घंटा ऐकू आल्या आणि तिन्ही बाजूंनी मीच ओरडत होतो, आणि ते फार भयानक होतं. त्याची एल्सपा अगदी शेवटच्या पायरीवर उभी होती. लाटा तिच्या बुटांवरून जात होत्या. ती ओरडत नव्हती, काही बडवतही नव्हती, नुसती कान देऊन उभी होती.

तो वाचला तो असा, की त्याची बोट खाडीपलीकडे तोर्सनेसच्या खडकांना जाऊन टेकली. तोर्सनेसच्या लोकांनी त्याला घरात नेलं, शेकोटीपुढे बसवलं आणि त्यांचं ते वाऱ्यावर वाळवलेलं मटण खाऊ घातलं. ते आपल्यापेक्षा चांगलं आहे असं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतल्यावरच घरी फोन करू दिला. गावाने हे हसण्यावारी नेलं. सामलही हसला. पण त्यानंतर तो बोटीत बसला नाही. बोट उलटी करून ठेवली आणि तिच्या बुडाला उगाच पुन्हा पुन्हा रंग लावत राहिला. दिवसभर खिडकीत बसायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, आज वारा बरोबर नाही. वारा अगदी बरोबर असायचा.

मी निघायच्या आदल्या दिवशी एल्सपा आली. इतरांसारखी रांगेत नाही, सगळे गेल्यावर. तिने टेबलावर मुरंब्याची बाटली ठेवली.

"लोक तुला सांगतील की भोंगा सुरक्षिततेसाठी हवा," ती म्हणाली. "तू तसंच सांग तिथे. पण मला तो त्यासाठी नकोय. माझा नवरा खिडकीतून उठायला हवा."

मी म्हणालो, उठेल. माझ्याकडे असं म्हणायला काहीच आधार नव्हता, पण आता मी सभासद होतो.

राजधानीचा प्रवास मी तुला काय सांगावा. बोट, मग बस, मग समुद्राच्या तळाखालून जाणारे ते लांबलचक बोगदे. (आपल्या डोक्यावर मासे पोहताहेत आणि आपण खाली बसमध्ये स्वेटर घालून बसलोय, हे मला प्रत्येक वेळी उलटं वाटतं.) बोगद्यातले निळे-हिरवे दिवे एकामागून एक मागे जात होते आणि मी जागा होतो की झोपलेलो, हे मला आजही नक्की सांगता यायचं नाही. उतरल्यावर रान्नवाबाई भेटल्या. ठेंगण्या, चष्मेवाल्या, चालताना समोरच्याला वाटेतून आपोआप बाजूला करणाऱ्या. त्यांनी मला एका दमात समजावलं. आज आधी सभासद आपापले प्रश्न मांडतील, गावचे आणि देशाचे. तुम्हाला दोन मिनिटं. तुमचं भाषण मी लिहून ठेवलंय, तेवढंच वाचा. त्यानंतर मासळीपालनाच्या करावर चर्चा आहे. ती संध्याकाळपर्यंत चालेल, भांडण होईल, मग मतदान. माझा हात वर जाईल तेव्हा तुमचा वर. माझा खाली, तुमचा खाली. कळलं? मी म्हणालो, कळलं. हात वर करणं मला जमेल असं मला खरंच वाटत होतं.

संसदेची ती लाकडी इमारत तू बाहेरून पाहिली आहेस. आत फार ऊब असते, आत्या. दोष माझा नाही, त्या उबेचा आहे. बाहेर पाऊस, आत जुन्या लाकडाचा आणि ओल्या लोकरीचा वास, आणि एकामागून एक माणसं उठून हळू आवाजात आपल्या गावाबद्दल सांगताहेत. एक बाई उठल्या. त्यांच्या गावचा बस थांब्याचा आडोसा चुकीच्या बाजूला तोंड करून बांधलाय, त्यामुळे बसची वाट बघणारी माणसं भिजतात आणि बस मात्र कोरडी राहते. एक वयस्कर गृहस्थ उठले. त्यांच्या फुटबॉलच्या मैदानावर हंस उतरतात, आणि सामना सुरू असला तरी उठत नाहीत. मग एक जण म्हणाला, आपली शिकलेली मुलं डेन्मार्कला जातात ती परत येत नाहीत. तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. हा देशाचा प्रश्न होता, पण मला वाटलं, तो आपापल्या घरचा म्हणूनच प्रत्येकाला ऐकू आला असावा. मग मासळीचे भाव, मग समुद्राखालून जाणारी वीज, मग पुन्हा एका गावातला एकच दिवा जो दिवसा लागतो आणि अंधारात विझतो. हे सगळं मला इतकं सुंदर वाटायला लागलं. हंस बस थांब्यात उभे आहेत, दिवसा लागणाऱ्या दिव्याखाली, आणि शिकलेली मुलं एकेक करून बसमधून उतरताहेत. मी त्यांना मोजत होतो तेवढ्यात कुणीतरी माझं नाव घेतलं. सभापतीबाईंनी ते दुसऱ्यांदा घेतलं होतं, असं मला नंतर कळलं.

मी उभा राहिलो. भाषण खिशात नव्हतं. ते बाहेर टांगलेल्या माझ्या ओल्या कोटात होतं. रान्नवाबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, की कोट इथूनच आणता आला असता तर त्यांनी नजरेने आणला असता. मग मी जे मनात होतं ते बोलायला लागलो. म्हणालो, आमच्याकडे धुकं येतं. म्हणालो, आमच्याकडे एक भोंगा होता आणि तो गेला, आणि आता धुकं आलं की ते नुसतं येतं. सामलचं सांगितलं, त्याचं नाव न घेता. तोर्सनेसचं मटण मात्र नाव घेऊन सांगितलं, ते चुकलं. दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली असावीत, पण सभापतीबाईंनी घंटी हातात धरली आणि वाजवली नाही.

वाहतूकमंत्री उत्तराला उठले. नीट भांग पाडलेला शांत माणूस. म्हणाले, सन्माननीय सदस्यांच्या भावना समजतात, परंतु नवीन यंत्रं अधिक अचूक आहेत. दिशा दाखवतात, अंतर दाखवतात, खडक दाखवतात. यंत्र करू शकत नाही असं भोंगा नेमकं काय करायचा, हे सदस्य सांगू शकतील का?

मग आत्या, मी डोळे मिटले, तुझ्या घरामागची टेकडी आठवली, आणि भोंगा काढला. पोटातून. सावकाश सुरू होणारा, मध्ये भरत जाणारा आणि शेवटी दमल्यासारखा खाली उतरणारा. आतोबा रविवारी आम्हा मुलांना तोंडाने काढून दाखवायचे तसा.

मला वाटलं, आता मला बाहेर काढतील, आणि मी बोगद्यातून परत जाईन आणि एल्सपाला काय सांगेन. तेवढ्यात समोरच्या बाकांवरून तोर्सनेसचा हेरलुफ उठला. (तोच तो, लाल मानेचा. त्याच्या वडिलांनी आपल्या धक्क्याला कोंबड्यांची शिडी म्हटलं होतं.) त्याने सभापतींची परवानगी मागितली आणि नोंद करून घ्यायला सांगितली की हाल्लवीकचा भोंगा असा होता हे तो नाकारत नाही, पण ज्याला खरा भोंगा म्हणावा तो तोर्सनेसचा. तो जास्त खोल होता आणि दोन तुकड्यांत यायचा. हे नुसतं सांगून कळणार नाही, असं म्हणून त्याने तो काढून दाखवला. चांगला काढला, खोटं का बोलू.

मग हंसवाले गृहस्थ उठले. त्यांच्या गावचा भोंगा मरायला टेकलेल्या बैलासारखा होता आणि लहानपणी तो ऐकल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. त्यांनी काढला. बस थांब्याच्या बाईंनी त्यांचा काढला, तो अगदी बारीक, जवळजवळ शीळच. मग कुणी परवानगी मागेनासं झालं. उजवीकडून एक, मागून एक, विरोधी पक्षाकडून दोन एकदम. सभापतीबाईंनी घंटी वाजवली, पण ती त्या आवाजांत एखाद्या बोटीच्या घंटीसारखीच वाटली आणि सगळ्यांना आणखी चेव आला. मंत्री उभेच होते. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, भिंतीकडे तोंड केलं आणि त्यांच्या आजोळचा भोंगा काढला. इतका हळू काढला की बाकीचे एकेक करून थांबले, तो ऐकायला. तो संपला तेव्हा खिडक्यांबाहेर खरोखरच धुकं आलेलं होतं, बंदरातल्या बोटी दिसेनाशा झाल्या होत्या, आणि आम्ही सगळी मोठी माणसं आपापल्या बाकांवर, कुणीतरी घरी न्यायला येईल अशी वाट बघत असल्यासारखी बसून होतो.

मासळीच्या करावर भांडायला कुणात जोर उरला नाही. विरोधी पक्षनेत्याने फाइल उघडली, बंद केली, आणि हा विषय पुढच्या आठवड्यात घ्यावा असं सुचवलं. सगळे हात वर गेले. रान्नवाबाईंचा सगळ्यांत आधी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी लिहिलं की देशाचा महत्त्वाचा प्रश्न गुरांच्या हंबरण्यात बुडाला. रान्नवाबाईंनी मला दालनात बोलावून रागावल्यासारखं केलं. मी माफी मागितली. मी निघालो तेव्हा त्यांनी चष्मा पुसत विचारलं, की त्यांच्या आईच्या गावीही एक होता, तो परत मिळेल का. मी म्हणालो, प्रश्न मांडा.

तर मंत्र्यांनी भोंगा मंजूर केला. तो आणायला मी बंदर खात्याच्या गोदामात गेलो, तिथे सगळ्या बेटांचे भोंगे एका रांगेत, तोंडं वर करून, धूळ खात बसले होते. त्यांच्यावरच्या गावांच्या पाट्या ओल आणि गंज यांनी केव्हाच पुसल्या होत्या. गोदामवाला मला म्हणाला, घ्या जो ओळखीचा वाटेल तो. मी बराच वेळ त्यांच्यातून फिरलो. शेवटी एक निवडला. मला बघून त्याला ओळख पटल्यासारखी वाटली.

टेकडीवर तो बसवला, सगळं गाव जमलं, आणि मग धुकं येईना. आत्या, हाल्लवीकमध्ये असा उन्हाळा कुणी पाहिला नव्हता. रोज निळं आकाश. पाहुणे येत होते, फोटो काढत होते, किती नशीबवान आहात म्हणत होते, आणि गाव हिरमुसून क्षितिजाकडे बघत बसलं होतं. नुसताच वाजवून बघावा असं कुणी सुचवलं, पण ते सगळ्यांना अशुभ वाटलं. सामल खिडकीत होता. बोटीच्या बुडावर रंगाचा आणखी एक थर चढला.

मग एका सकाळी ते आलं. आधी खाडीच्या तोंडाशी एक पांढरी रेघ, मग ती रेघ उठून उभी राहिली, आणि थोड्याच वेळात चर्च गेलं, धक्का गेला, तुझं घर गेलं. आम्ही टेकडीवर धावलो. भोंगा सुरू केला. आणि तो वाजला तो दोन तुकड्यांत, खोल. तोर्सनेसचा.

गावात जे काही झालं ते मी लिहीत नाही. म्हाताऱ्या बायका माझ्याशी बोलेनात. कुणी म्हणालं, ह्यापेक्षा गाईला वर बांधा. खाडीपलीकडे तर त्याहून अनर्थ. तोर्सनेसची एक जुनी बोट बाहेर होती. दुपारी तिच्यावरचा म्हातारा आपल्या भोंग्याच्या आवाजावर निवांत, डोळे मिटल्यासारखा बोट हाकत आला आणि हाल्लवीकच्या धक्क्याला लागला. घरी आलो समजून एल्सपाच्या दारात जाऊन बूट काढायला बसला. तिने त्याला आत घेतलं आणि आपलं मटण वाढलं. कसं आहे म्हणून विचारलं, आणि तो चांगलं आहे म्हणेपर्यंत समोर बसून राहिली. हेरलुफने आता संसदेत प्रश्न टाकलाय, की शेजारच्या गावाने आमचा आवाज नेला. पुढच्या आठवड्यात मला त्याला उत्तर द्यायचंय.

पण त्या सकाळी आम्ही टेकडीवर असे भांडत असताना कुणाच्या तरी लक्षात आलं, की सामल खिडकीत नाही. आम्ही खाली धावलो. बोट जागेवर नव्हती. एल्सपा शेवटच्या पायरीवर उभी होती, तशीच, कान देऊन. मीच तिला म्हणालो, की मी भोंगा बंद करायला सांगतो, चुकीचा आहे, त्याला फसवेल. तिने माझी बाही धरली. हलू दिलं नाही. वर तो परका भोंगा वाजत राहिला, दोन तुकड्यांत, आणि मध्ये ती लांब शांतता. प्रत्येक शांततेत मला वाटायचं की हीच शेवटची. किती वेळ गेला मला सांगता यायचं नाही. मग वल्ह्याचा आवाज आला, एकाच बाजूने. मग बोटीचं नाक, नव्या रंगाचं, आणि त्यामागे सामल, मांडीवर दोन कॉड मासे घेऊन, गंभीर चेहऱ्याने. पायरीला लागल्यावर त्याने दोर एल्सपाकडे फेकला आणि माझ्याकडे बघितलं.

"आवाज आपला नाही," तो म्हणाला. "पण जागा बरोबर आहे."

मग दोघं मासे घेऊन घरी गेली. त्यानंतर तो रोज जातो. वारा बरोबर नसला तरी जातो.

बाकी सगळं ठीक. गुडघा जप, लिफ्टमध्ये तूच आधी नाव विचार. बिर्नाला आणि जावईबापूंना नमस्कार सांग. इथली हवा तुला पत्रातून पाठवता येत नाही म्हणून शब्दच जास्त लिहिले, ते गोड मानून घे.

तुझा भाचा,
ब्रांदुर
(पाय बरा होईपर्यंत सभासद)

ता. क. तुझ्या छपरावरचं गवत कापतो म्हणून वर लिहिलं, पण त्यात एका पक्षिणीने घरटं केलंय. तेव्हा तूर्तास राहू दे.

ता. क. दुसरा. गोदामवाला भोंगा बदलून द्यायला तयार आहे, पण आमचा कोणता ते ओळखणार कोण? मी काढतो तो आवाज हाल्लवीकचा नाहीच, असं आता अर्धं गाव म्हणतं. आतोबांनंतर तो पक्का तुझ्याच कानात आहे. फोनवर एकदा काढून दाखवशील का? शेजाऱ्यांची काळजी करू नकोस. निदान त्या निमित्ताने ते दार वाजवतील आणि नाव विचारतील.

ता. क. तिसरा, आणि हा बिर्नासाठी. बिर्ना, आत्याला आता माझं अक्षर दिसत नाही आणि पत्र तूच मोठ्याने वाचतेस, हे तिने मला सांगितलंय. तेव्हा इथून पुढे मनात वाच. भोंग्याचा आवाज फोनवर ओळखता येत नाही. मी गोदामवाल्याला विचारलं, तो हसला. त्यासाठी माणूस गोदामातच उभं राहायला हवं. आणि खरं सांगू का, भोंगा हे निमित्त आहे. ती मला दर रविवारी फोन करते आणि तुझ्या मुलांचं, गुडघ्याचं, लिफ्टचं सगळं सांगून झालं की शेवटी हळूच विचारते, आज धुकं आहे का रे? नसलं तरी मी आहे म्हणतो. मग ती थोडा वेळ नुसता फोन धरून बसते. तिला उरलेल्या उन्हाळ्यापुरती पाठव. ती परत येणार नाही अशी तुला भीती आहे, मला ठाऊक आहे. मी तसं वचन देऊ शकत नाही, मी राजकारणात नवा आहे. धक्क्यावर तिला उतरवून घ्यायला सामल येईल, त्याने आजच स्वतःहून सांगितलं. आणि तू सवयीने हेही मोठ्यानेच वाचलं असशील, तर आता माझ्या हातात काही नाही. ती बॅग शोधायला उठली असेल. तिला खाली बसव, आणि तिकिटाचं बघ.